उंडीखालची हवाली

माझा धंदा जागा दाखवायचा. विकणारा वेगळा, घेणारा वेगळा, मी मधला. तोंडावर लोक मला एजंट म्हणतात, पाठ फिरली की दलाल म्हणतात, आणि सासुरवाडीत 'जमिनीच्या व्यवसायात आहेत' अशी माझी ओळख करून देतात. श्रीवर्धनपासून हरिहरेश्वरपर्यंत आणि आत खाडीच्या दोन्ही अंगांना कुठल्या उतारावर कुणाचा किती हिस्सा, त्यातल्या कुठल्या बहिणी सही द्यायला तयार नाहीत, कुठल्या वाटेवरून भावकीत बोलणं बंद आहे, हे मला तलाठ्याच्या आधी कळतं. ही बढाई नाही. अठरा वर्षं मोटारसायकल झिजवल्यावर एवढं गाढवालाही कळलं असतं.

शनिवार-रविवारी पार्ट्या येतात. पार्टी म्हणजे गिऱ्हाईक. माणूस एकटा आला तरी आमच्यात तो पार्टीच. गाडीतून उतरायच्या आधी काच खाली करून विचारतो, "समुद्र दिसतो का?" दिसतो, मी म्हणतो. जमिनीवरून दिसत नसेल तर बांधावर उभं करतो, आणि बांधावरूनही नसेल तर सांगतो, एक मजला चढवलात की थेट समुद्र. मग विचारतात, भाव वाढेल का. त्याला होऊ घातलेला पूल आणि नवी मुंबईचा विमानतळ ही उत्तरं माझ्या खिशात तयार असतात. या जागेवर आधीपासून कोण राहतं, हे मात्र आजवर एकाही पार्टीने विचारलेलं नाही.

आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो. त्याला देऊळ नाही, मूर्ती नाही. हद्दीच्या एका कोपऱ्यात, बहुधा झाडाखाली, एक दगड असतो, तेवढीच त्याची खूण. भात घरात आलं की वर्षातून एकदा त्याच्यापुढे नारळ फोडायचा आणि नव्या तांदळाचा भात ठेवायचा. तो जागा राखतो, भर दुपारी हद्दीवरून फेरी मारतो, म्हणून बारा ते दोन कुणी दुसऱ्याच्या वाडीत शिरत नाही. मी लहानपणापासून हे ऐकलं होतं. मानत होतो असं म्हणवत नाही, आणि मानत नव्हतो असंही नाही.

जागा विकली की हवाली द्यायची. निबंधकाच्या कचेरीत अंगठे उठतात, फोटो निघतात, ते सरकारचं झालं. खरी हवाली दगडापाशी, दुपारी बाराला. घेणाऱ्याने चपला काढून जमिनीवर उभं राहायचं. विकणारा त्याच्या पायांवर तांब्याभर पाणी ओततो, नारळ फोडतो आणि दगडाला सांगतो, "आजवर मी होतो, आता हा." घेणारा आपलं नाव घेतो आणि म्हणतो, "हो, मी." दोन मिनिटांचं काम. पण ते झालं नाही तर विकणाऱ्याची सुटका नाही. तो कुठेही जाऊन राहिला तरी राखणदाराच्या हिशेबी माणूस तोच.

पार्ट्यांना हे कोण समजावणार? सुरुवातीला मी समजावत होतो. कुणाला ऊन लागायचं, कुणाला बूट काढायचे नसायचे, एका बाईंनी तर 'हे तुमच्या फीमध्येच आहे ना' असं विचारलं होतं. तिकडे विकणारा तांब्या घेऊन दगडापाशी अडून बसलेला, हवाली झाल्याशिवाय ताबा देणार नाही म्हणून. मधल्यामध्ये माझी चटणी. मग एका दुपारी मीच चपला काढल्या. म्हटलं, साहेबांच्या वतीने मी उभा राहतो. कुलमुखत्यारपत्रांत आयुष्य गेलेल्या माणसाला 'वतीने' हा शब्द सगळीकडे चालेल असं वाटतं. नाव पार्टीचं, पाय माझे. विकणारा थोडा चुळबुळला, मग त्याने पाणी ओतलं, आणि घोडं गंगेत न्हालं. पुढे ती माझी पद्धतच पडून गेली. दुसऱ्या गावातले एजंटही तसंच करायला लागले, तेव्हा मला आपल्या डोक्याचं कौतुक वाटलं होतं.

काकी माझ्या नात्यातली कुणी नव्हती. खाडीकडच्या उतारावर तिची चौदा गुंठे जागा होती, कौलारू दोन खोल्यांचं घर, आणि कोपऱ्यात एक जुनं उंडीचं झाड. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलता मुलगा तळोज्याच्या कंपनीत लागून कामोठ्याला राहायला गेला होता. उंडी हे घाणेरडं झाड. पानं आणि गोल गोल फळं बारा महिने टाकत असतं. काकी दुपारी जेवली की खराटा घेऊन उंडीखालचं सगळं झाडून काढायची. कुणी म्हणालं, या वेळी कशाला, तर म्हणायची, त्याची फेरी असते, त्याच्या पायात काही येऊ नये.

मुलाने तिला आपल्याकडे न्यायचं ठरवलं आणि जागा माझ्याकडे आली. भावावरून काकी एक अक्षर बोलली नाही. फक्त मला जवळ बोलावून म्हणाली, "घेनारा मानूस सोता हवालीला उबा ऱ्हायला हवा. वतीनं-बितीनं न्हाय चालायचं. तू काय करतोस ते माझ्या कानावर आलंय."

"आणतो काकी. शब्द देतो," मी म्हणालो.

आणि पार्टी आलीही. पण ती गाडीतून उतरेना. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत गाडी थंड, आणि साहेबांचा कुणाशी तरी फोन चाललेला. मी दोनदा काचेवर टकटक केलं, दोन्ही वेळा त्यांनी बोटाने 'तुम्ही उरका' अशी खूण केली. रस्त्यावर काकीचं सामान भरलेला टेम्पो उभा. मुलगा सारखा घड्याळ बघत होता. काकी दगडापाशी तांब्या घेऊन उभी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. मी काय केलं ते लिहायला लाज वाटते. चपला काढून तिच्यासमोर उभा राहिलो आणि आवाज जड करून म्हणालो, "नमस्ते माताजी." मुलाने ते बघितलं आणि मान वळवली.

काकीने वाकून पाणी ओतलं. तिचा तळहात माझ्या पावलावरून टाचेपर्यंत गेला आणि तिथे जरा थांबला. मग ती सरळ झाली आणि म्हणाली, "आजवर मी हुती, आता हा." मी साहेबांचं नाव घेतलं आणि म्हणालो, हो, मी. नारळ एका फटक्यात फुटला. रस्त्यावरून गाडीचा हॉर्न वाजला, म्हणजे साहेबांचा फोन संपला होता.

त्यानंतर साधारण दीड वर्षाने शेजारची जागा विकायला निघाली, म्हणून मी त्या उतारावर पुन्हा गेलो. काकीच्या घराची कौलं कुणी काढून नेली होती, भिंती पावसाने बसल्या होत्या, गवत कमरेपर्यंत वाढलेलं. चारी बाजूंनी तारेचं कुंपण आणि फाटकाला कुलूप. पण उंडीखाली स्वच्छ होतं. स्वच्छ म्हणजे झाडलेलं. मातीवर खराट्याच्या रेषा होत्या, अर्धगोल, एकीला लागून दुसरी.

मला वाटलं, कुणी बाई उंडीची फळं वेचायला येत असेल. त्यांचं तेल काढतात. शेजाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "कोन जातंय तितं? कुलूप हाय." दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वाट वाकडी करून गेलो. रात्री वारा होता, पानं पडायला हवी होती. पडलीही असतील, पण झाडून झाली होती. रेषा ताज्या होत्या आणि त्यांच्यावर कुणाचं पाऊल नव्हतं. झाडणारा माणूस मागे मागे सरकतो, त्याची पावलं रेषांखाली जातात, हे मला कळतं. पण शेवटी त्याला कुठून तरी बाहेर पडावं लागतं. कडेच्या गवताची एक काडी मोडलेली नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी साडेअकरापासूनच समोरच्या बांधावर जाऊन बसलो. घरी सांगितलं, मोजणी आहे. खाडीला ओहोटी लागलेली, चिखलात एक बगळा होता, तोही हलत नव्हता. उंडीखाली सकाळपासूनची दहा-बारा पानं पडलेली दिसत होती. बारा वाजून गेले, काही झालं नाही, आणि मला माझंच हसू यायला लागलं. तेवढ्यात फोन वाजला. उन्हात पडद्यावरचं दिसेना म्हणून मी पाठ फिरवून सावलीत धरून पाहिला. काकीचा मुलगा होता.

"दादा, एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "आई महिनाभर अंथरुणावर आहे. डॉक्टर म्हणतात सगळं संपत आलंय, पण जीव जात नाही तिचा. आणि रोज दुपारी बाराला तिचा उजवा हात सुरू होतो. गादीवरून नुसता फिरवत राहते. असा, डावीकडून उजवीकडे. दीडपर्यंत. आम्ही धरून ठेवला तरी थांबत नाही. आता चालूच आहे. दादा, त्या दिवशीच्या हवालीचं काय झालं होतं?"

मी वळून पाहिलं. उंडीखाली एकही पान नव्हतं. आवाज आला नव्हता, वारा नव्हता. ओल्या मातीवर नवे अर्धगोल उठलेले होते. मी बांधावरून कसा उतरलो, मोटारसायकल कुठे लावली होती, काही आठवत नाही. चप्पल मात्र एकच घेऊन घरी आलो, हे बायकोने दाखवलं तेव्हा कळलं.

दोन दिवसांनी मी कामोठ्याला गेलो. सातव्या मजल्यावर, खिडकीशी पलंग. काकी इतकी वाळली होती की चादरीखाली कुणी आहे असं वाटत नव्हतं. तिच्या उजव्या हाताखालची चादर मात्र झिजून विरली होती. मी काही बोललो नाही, तरी ती म्हणाली, "पाय म्होरं कर."

मी पाय पुढे केला. तिने तळहाताने टाच चाचपली.

"व्हय. ह्येच पाय. मला तवाच कललं. गाडीतल्या साहेबाच्या टाचंला भेगा नस्तात."

"मग बोलली का नाहीस काकी?"

"टेम्पो उबा हुता. पोरगा घाईला आलेला. म्हटलं, हा आपल्यातला हाय, आज न्हाय तर उद्या आनील त्याला." ती थांबून थांबून बोलत होती. "त्यो मला सोडत न्हाय रे. रोज बोलवतो. झाडून घे म्हनतो. इतक्या लांबून जायाचं आनि परत यायाचं, पाय दुकतात माझे. घेनाऱ्याला आन पोरा. पायानं आन. मला जाऊ दे."

परतीच्या वाटेवर पेण मागे पडेपर्यंत मी ओक्साबोक्शी रडलो. म्हातारीचा जीव माझ्या एका 'नमस्ते माताजी'वर अडकला होता.

आता घेणारा आणायचा म्हणजे कुणाला? गाडीतल्या साहेबांनी पाच महिन्यांत जागा दुसऱ्याला विकली होती. दुसऱ्याने तिसऱ्याला. त्यांतला एक सौदा माझ्याच हातचा. चौदा गुंठ्यांचे तीन मालक झाले आणि तिघांपैकी एकाचाही पाय त्या मातीला लागला नव्हता. तिसऱ्याने तर जागा मी पाठवलेल्या जुन्या व्हिडिओवर घेतली होती. राहणारा परराज्यातला, बहुतेक वेळ परदेशात. मी त्याला फोन लावला. तो म्हणाला, यायचं जमणार नाही, उलट चांगली पार्टी मिळाली तर काढून टाका.

मी हातापाया पडलो. वास्तूचा विषय आहे, दोन मिनिटं फोनवरच बोला, असं खोटं सांगितलं. सवय जात नाही. कुंपण घालणाऱ्याकडे राहिलेली फाटकाची चावी मिळवली, बाराला दगडापाशी गेलो, फोन स्पीकरवर टाकून दगडाजवळ धरला. तिकडून साहेबांनी हसत हसत स्वतःचं नाव सांगितलं आणि म्हणाले, "हाँ भाई, मैं." मी लगेच काकीच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "हात चालूच आहे, दादा. आज जास्तच जोरात आहे."

पायानं आण, असं ती म्हणाली होती. मी खाली पाहिलं. त्या वाडीत त्या क्षणी दोनच पाय होते.

मला भीती वाटली, हे सरळ सांगतो. विजेची, सापाची वाटते तशी नाही. कोऱ्या कागदावर सही करताना वाटते तशी. माझा त्या जागेशी संबंध काय? सातबाऱ्यावर नाव नाही, पुढे कधी येणार नाही. झाडाचं एक फळ माझं नाही. आणि एकदा हो म्हटलं की दुसरा कुणी त्या दगडापाशी उभा राहून स्वतःचं नाव घेईपर्यंत माझी सुटका नाही. मी निघालोही होतो. फाटकापर्यंत गेलो. मग तिचा तो हात डोळ्यांपुढे आला आणि परत फिरलो.

चपला काढल्या. पायावर पाणी ओतायला कुणी नव्हतं, बाटलीतलं मीच ओतलं. नारळ नव्हता. म्हटलं, "आजवर काकी होती, आता..." आणि तिथेच थांबलो. अठरा वर्षं मी या दगडांपुढे लोकांची नावं न अडखळता घेतली होती; स्वतःचं नाव तोंडातून फुटेना. मग सातबाऱ्यावर लिहितात तसं पूर्ण घेतलं, माझं, वडिलांचं, आडनाव, आणि म्हणालो, "हो, मी."

काही झालं नाही. झाड हललं नाही. फक्त माझ्या मागे पानं वाजली, दोन-चार पावलांइतकी, आणि माझे पाय जागचे हलले नव्हते. मी मागे पाहिलं नाही. पाहू नये असं कुणी सांगितलेलं नव्हतं, पण पाहिलं नाही.

फोन वाजला. मुलगा रडत होता. "थांबला, दादा. हात थांबला. आई तुमच्याशी बोलायचं म्हणतेय."

मग काकीचा आवाज आला, अगदी बारीक. "आली का पार्टी?"

"आली, काकी."

"कोन हाय?"

मी माझं नाव सांगितलं.

"अरं, तुजं काय हाय रे तितं?"

"काही नाही."

"मंग तू का व्हय म्हनलास?"

"दुसरं कुणी नव्हतं, काकी."

मग ती म्हणाली, "वर्साला नारल दे. भुलू नको. आनि तितं जाशील तवा जेवून जा. उपाशी उबा ऱ्हाऊ नको उन्हात."

तिसऱ्या दिवशी ती झोपेतच गेली. मुलगा म्हणाला, सकाळी चेहरा इतका मोकळा होता की चहा घेऊन हाक मारायला गेलो.

आता त्या जागेला चिऱ्याची भिंत झाली आहे आणि बाहेरचा एक पहारेकरी ठेवला आहे. मालक बहुधा चौथा. भात घरात आलं की मी डबा आणि नारळ घेऊन फाटकाशी उभा राहतो. पहारेकरी मला वेडा समजतो, पण अर्धा नारळ मिळतो म्हणून आत सोडतो. उंडीखाली हल्ली पानांचा थर असतो. मी हाताने दगडापुरती जागा मोकळी करतो आणि भात ठेवतो.

पण हे एकाच जागेवर भागलं नाही. ज्यांच्या हवाल्या मी परक्या नावांनी घेतल्या होत्या, ती माणसं आता म्हातारी व्हायला लागली आहेत. कुणी नालासोपाऱ्याला, कुणी पनवेलला, मुलांच्या घरी. अमका फार दिवस अंथरुणावर आहे, खात नाही, जात नाही, असं कानावर आलं की मी आधी विचारतो, त्याची जागा कुठली. मग बाराच्या सुमाराला तिथे जातो, चपला काढतो आणि नाव बदलून देतो. अशा आतापर्यंत पाच जागा माझ्या नावावर झाल्या. कागदावर एकही नाही.

माझी मुलगी पुण्याला कंपनीत आहे. तिला मी हे सगळं फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, बाबा, एकदा डॉक्टरांना दाखवून या. बायको ऐकून घेते आणि विषय बदलते. दोघींचं चुकत नाही. पण मी छप्पन्न वर्षांचा आहे, आणि कधीतरी मलाही कुठल्यातरी वरच्या मजल्यावर खिडकीशी झोपवतील, त्याची मला धास्ती वाटते. त्याआधी कुणीतरी अनवाणी येऊन स्वतःच्या नावाने उभं राहायला हवं. पाणी नसलेले उतार मी विकलेत, रस्ता नसलेली शेतं विकलीत, न दिसणारा समुद्र विकलाय. हे तर मी फुकट देतोय. भावाला विचारलं, पुतण्यांना विचारलं, धंद्यातल्या सगळ्यांना विचारून झालं. अजून कुणी हो म्हटलेलं नाही.